कळतं, पण येत नाही : पाढ्यांच्या पाठांतराविषयी



आजचा विषय जाहीर झाला आणि दुसऱ्याच दिवशी एका जुन्या स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, ‘‘तत्त्वज्ञानाचा माणूस पाढ्यांवर काय बोलणार? सात एके सात यात तत्त्वज्ञान कुठलं?’’ (हशा) आम्ही म्हटले, या तर खरे. ते आज समोरच बसले आहेत, त्यामुळे आता उत्तर देणे भाग आहे.

सुरुवात एका प्रसंगाने करू. आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या एका बाईंची मुलगी गेल्या वर्षी संध्याकाळी आमच्याकडे अभ्यासाला बसत असे. सातवीत होती. चांगली चुणचुणीत. भागाकार म्हणजे काय असे विचारले तर ‘‘सारखे वाटे करायचे’’ असे सांगून लगेच लाडवांचे उदाहरण देई. एकदा तिला ३९२ भागिले ७ हे गणित घातले. मांडणी तिने बरोबर केली. मग बोटांच्या पेरांवर सात-सात मोजू लागली. सात, चौदा, एकवीस... पस्तिसाच्या पुढे गेली, बेचाळीस म्हणाली आणि थांबली. आपण हे मोजत होतो ते ३९ साठी, हेच ती विसरली होती. पुन्हा सातापासून सुरुवात. तिसऱ्या खेपेला तिने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, ‘‘आजोबा, मला कळतं सगळं, पण येत नाही.’’

मित्रहो, आम्ही पस्तीस वर्षे ज्ञानमीमांसा शिकवली. पण ज्ञानाच्या प्रश्नाची इतकी नेमकी मांडणी क्वचितच ऐकली.

कळणे आणि येणे. मराठीत ही दोन वेगळी क्रियापदे आहेत आणि आपण ती कधी चुकवत नाही. ‘मला पोहणं कळतं’ असे किनाऱ्यावर उभा असलेला माणूस म्हणू शकतो. ‘मला पोहता येतं’ हे म्हणायला पाण्यात उतरावे लागते. गिल्बर्ट रायल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात हाच भेद मांडला आणि त्यावर गेली पाऊणशे वर्षे वाद चालू आहेत. आमच्या त्या मुलीने तो एका वाक्यात सांगितला. आज आपल्याला तपासायचे आहे ते एवढेच : शाळेच्या गणितात ‘कळणे’ आणि ‘येणे’ यांचे नाते काय, आणि पाठांतर या दोहोंमध्ये कुठे बसते?

आता पाठांतर हा शब्द आज जवळजवळ शिवीसारखा झाला आहे. घोकंपट्टी, पोपटपंची. हे का झाले ते आधी प्रामाणिकपणे पाहू, कारण विरोधकाचे म्हणणे त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडल्याशिवाय त्याला उत्तर देऊ नये, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो.

पहिली गोष्ट, ही तक्रार पाश्चात्त्यांकडून आलेली नाही. यास्काच्या निरुक्तात वेद पाठ करून अर्थ न जाणणाऱ्याची तुलना ओझे वाहणाऱ्या खांबाशी केली आहे. ज्या परंपरेने पाठांतराचे सर्वांत मोठे प्रयोग केले, तिनेच हा इशाराही देऊन ठेवला. पुढे १९१८ मध्ये रवींद्रनाथांनी पोपटाच्या शिक्षणाची ती प्रसिद्ध कथा लिहिली. पोथ्यांची पाने चोचीत कोंबून कोंबून पोपट मरतो, आणि शिक्षण पूर्ण झाल्याचे राजाला कळवले जाते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तर शिक्षण घोकंपट्टीपासून दूर नेणे हे आपल्या मार्गदर्शक तत्त्वांपैकी एक तत्त्वच मानले.

दुसरी गोष्ट, हा आक्षेप केवळ भावनेचा नाही. १९३५ साली विल्यम ब्राउनेल या अमेरिकन अभ्यासकाने एका सहकाऱ्यासह तिसरीच्या मुलांवर एक अभ्यास केला. त्या काळी तिकडे एडवर्ड थॉर्नडाइक यांच्या विचारांचा मोठा दबदबा होता. प्रश्न आणि उत्तर यांची गाठ पुन्हा पुन्हा बांधत राहा, की ती पक्की होते, असा तो विचार. ब्राउनेल यांनी मुलांकडून बेरजांचा रोज सराव होऊ दिला आणि मग एकेका मुलाला जवळ बसवून विचारले, उत्तर कसे काढलेस? पुष्कळ मुले सरावानंतरही आधीसारखीच मोजत होती, फक्त जरा वेगाने. म्हणजे शिक्षकाला वाटत होते मुले आठवत आहेत, आणि मुले मनातल्या मनात बोटे मोडत होती. पाठांतराच्या भक्तांनी हे लक्षात ठेवावे. समज नसताना केलेला सराव हव्या त्या गोष्टीचा होतोच असे नाही. मूल जे करत आहे त्याचा तो सराव होतो.

तिसरी गोष्ट भीतीची, आणि ती आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो. १९५७ मध्ये आम्ही पहिलीत होतो. तिसरीत असताना एकदा गुरुजींनी उभे करून विचारले, सात आठे? तोंडून निघाले, चोपन्न. उलट्या हातावर पट्टी बसली आणि उरलेला तास बाकावर उभे राहून काढला. आज सत्तरी उलटली, पण सात आठे म्हटले की छप्पन्न यायच्या आधी छातीत क्षणभर काहीतरी आवळते. हे जे आवळणे आहे ते गणित नव्हे, आणि ते गणिताला मदतही करत नाही. स्टॅनफर्डच्या जो बोलर यांच्यासारखे अभ्यासक वेळ लावून घेतलेल्या पाढ्यांच्या चाचण्यांना विरोध करतात, तो या भीतीपोटीच. आम्हाला तो विरोध समजतो. आमच्या बोटांनाही समजतो. (हशा)

इतके सगळे मान्य केल्यावर प्रश्न उरतो तो असा. यातून निष्कर्ष काय निघतो? सध्याचा लोकप्रिय निष्कर्ष असा, की मुलाला गुणाकाराची संकल्पना नीट कळली की पाढे पाठ करण्याची गरज नाही. ते हवे तेव्हा काढता येतात. आमची टीका आहे ती या ‘हवे तेव्हा काढता येतात’वर.

इथे कांटला बोलावू. ‘क्रिटीक ऑफ प्युअर रीझन’च्या १७८७ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने सात अधिक पाच बरोबर बारा हे साधे उदाहरण घेतले आहे. तो म्हणतो, सात आणि पाच यांची बेरीज ही कल्पना कितीही उलगडून पाहा, तिच्या पोटात तुम्हाला बारा सापडणार नाही. बारापर्यंत पोहोचायला त्या कल्पनेच्या बाहेर पडावे लागते. बोटे घ्या, ठिपके घ्या, एकेक मोजत जा, तेव्हा बारा हाती लागतात. कांटच्या या मतावर पुढे फ्रेगेने जोरदार हल्ला केला, तो वाद आज बाजूला ठेवू. शिक्षणाच्या दृष्टीने त्यातला एक कण मात्र घेण्यासारखा आहे. ‘गुणाकार म्हणजे काय’ हे कळणे ही एक गोष्ट, आणि ‘सात आठे छप्पन्न’ हे माहीत असणे ही दुसरी. पहिली कितीही स्वच्छ असली तरी दुसरी तिच्यातून आपोआप गळून पडत नाही. ती काढावी लागते. प्रश्न एवढाच, की ती एकदा काढून ठेवायची, की आयुष्यभर दर वेळी नव्याने काढायची?

दर वेळी काढायला काय हरकत आहे, असे कोणी म्हणेल. हरकत ही की मनाचा ओटा लहान आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये दाखवून दिले की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी ध्यानात धरू शकतो; पुढच्या संशोधकांनी तो आकडा चारच्या आसपास आणला. स्वयंपाकाचा लहान ओटा असतो ना, तसेच हे. ओट्यावर चिरण्याची पाटी, परात, कढई हे सगळे एकदम मावत नाही. कणीक आधीच मळून ठेवलेली असेल तर पोळ्यांना जागा राहते.

आता ३९२ भागिले ७ मध्ये काय काय धरून ठेवावे लागते ते पाहा. ३९ मध्ये ७ किती वेळा? पाच. सात पाचे पस्तीस. ३९ मधून ३५ गेले, उरले ४. वरचे २ खाली घेतले, झाले ४२. सात सक बेचाळीस. उत्तर ५६. ज्याला सातचा पाढा येतो त्याच्या डोक्यात एका वेळी एकच प्रश्न असतो, आता पुढची पायरी कोणती? ज्याला येत नाही त्याला भागाकाराच्या मधोमध एक वेगळे मोजणीचे गणित करावे लागते, आणि ते संपेपर्यंत मूळ गणित ओट्यावरून खाली पडलेले असते. आमच्या मुलीचे नेमके हेच झाले. तिची समज अपुरी नव्हती. समजेला उभे राहायला जागा नव्हती.

याच्या पुढची पायरी जास्त महत्त्वाची आहे, आणि ती फारशी बोलली जात नाही. पाठ असलेली गोष्ट केवळ वेळ वाचवत नाही, ती दिसायला लागते. ४२ छेद ५६ हा अपूर्णांक घ्या. ज्याला पाढे येतात त्याला दोन्हीकडे सात आणि दोन बसलेले दिसतात, म्हणजे एकदम चौदाने भाग जातो आणि तीन चतुर्थांश उरतात. त्याने काही शोधलेले नसते, रस्त्यात ओळखीचा चेहरा दिसावा तसे ते दिसते. पुढे नववीत क्ष वर्ग अधिक १५ क्ष अधिक ५६ याचे अवयव पाडायचे येतात. ज्यांचा गुणाकार ५६ आणि बेरीज १५ अशा दोन संख्या कोणत्या? सात आणि आठ. हे ज्याला दिसत नाही त्याला बीजगणित ही जादूगाराची पेटी वाटते. सर रुमाल काढतात, आपण टाळ्या वाजवायच्या. आता सांगा, अवयव पाडण्याची ‘समज’ ही पाढ्यांच्या ‘आठवणी’पासून वेगळी कशी काढणार? आठवण ही समजेचे डोळे झालेली असते.

म्हणून रायलशीही आमचे थोडे भांडण आहे. त्याने कवायत आणि प्रशिक्षण असे दोन कप्पे केले. कवायतीत डोके बाजूला ठेवून तीच कृती पुन्हा पुन्हा करायची, प्रशिक्षणात बुद्धी वापरत सुधारत जायचे. आणि मुलांचे पाढे त्याने कवायतीच्या कप्प्यात टाकले. त्याच्या काळच्या शाळा पाहता ते बरोबरही असेल. पण एकच गोष्ट दोन्ही कप्प्यांत असू शकते. तबल्याचे बोल विद्यार्थी आधी तोंडाने म्हणतो, मग हजार वेळा हाताने वाजवतो. ती कवायतच. पण पुढे कायदा विस्तारताना तेच बोल त्याच्या विचारांचे शब्द होतात. बोलच हाताशी नसतील तर विस्तार कशाचा करणार?

इथवर ऐकून पाढेप्रेमी मंडळी खूश झाली असतील. ‘‘आमच्या वेळी तीसपर्यंत पाढे पाठ असायचे’’ हे वाक्य आता सभागृहात कुठेतरी तयार होत असणार. (हशा) त्यांच्याशीही दोन शब्द बोलले पाहिजेत.

आमच्या लहानपणीच्या उजळणीत तीसपर्यंत पाढे तर होतेच. शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. हे सगळे का होते? रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर, शेराचे सोळा छटाक, अशा जगात दुकानावर बसणाऱ्याला चतकोर आणि अर्ध्याचा हिशेब क्षणात करावा लागे. ती पाठांतरे त्या जगाची अवजारे होती. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, मागोमाग किलो आणि मीटर आले, पण आमच्या गुरुजींनी औटकी सोडली नाही. आम्ही ती म्हटली, मार खाल्ला आणि आयुष्यात एकदाही वापरली नाही. पाठांतर हे कामासाठी असते. काम संपल्यावरही ते चालू ठेवले की त्याचा विधी होतो. आणि विधीला अर्थ विचारायचा नसतो, हीच तर मूळ तक्रार आहे.

दुसरे म्हणजे पाढा म्हणता येणे आणि पाढा येणे यांतही फरक आहे. सात एकेपासून सात दाहेपर्यंत गाडीसारखे धडाधड म्हणणाऱ्या मुलाला मध्येच विचारा, ‘‘सात आठे?’’ अनेक मुले पुन्हा पहिल्या स्टेशनापासून गाडी सोडतात. आता विचारा, ‘‘छप्पन्नमध्ये आठ किती वेळा?’’ गाडी रुळावरून उतरते. लय असते, चाल असते, पण एकेक उत्तर सुटे होऊन हाताशी आलेले नसते. चाल ही लक्षात ठेवायची युक्ती आहे, आणि उत्तम युक्ती आहे. पण शिडी चढून झाल्यावर माडीवर राहायला जायचे असते, शिडीवर नाही.

आणि मुळात पाठ किती करायचे आहे? हिशेब करू. दहापर्यंतचे पाढे म्हणजे शंभर ओळी. एकचा आणि दहाचा पाढा वेगळा शिकावाच लागत नाही, ते वगळले की राहिल्या चौसष्ट. सात आठे आणि आठ साते एकच, हे एकदा कळले की राहतात छत्तीस. त्यातून दोनचा आणि पाचचा पाढा मुलांना खेळता खेळता येतो. ते काढले तर एकवीस. गंमत पाहा, समजेने पाठांतराचे ओझे शंभरावरून एकविसावर आणले. याउलट पाठांतर समजेला काय देते ते आपण मघाशी पाहिलेच. या दोघींना सवती करून आपण कोणाचे भले केले?

आता एक कठीण कसोटी घेऊ, कारण आमची मांडणी तिच्यावर उतरली पाहिजे. १९८५ मध्ये ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा वर्षांच्या एका मुलाला विचारले, एक नारळ ३५ ला, तर दहा नारळ कितीला? तो म्हणाला, तिनांचे १०५, आणखी तिनांचे घेतले की २१०, आणखी तिनांचे म्हणजे ३१५, आणि एकाचे मिळून ३५०. दहाने गुणताना पुढे शून्य द्यायचे, हा शाळेचा नियम त्याने वापरला नाही. २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांविषयी असेच काही ‘नेचर’मध्ये मांडले. बाजारातले अवघड हिशेब तोंडी करणारी मुले वहीतल्या गणितात अडखळत होती, आणि वहीत बरी असणारी शाळेतली मुले बाजाराच्या हिशेबात.

कोणी म्हणेल, पाहा, त्या मुलाला पाढे कुठे लागले? पण नीट ऐका. ‘तिनांचे १०५’ हे त्याने त्या क्षणी काढले नव्हते. रोज विकता विकता ते त्याच्या तोंडात बसले होते, आणि त्या तयार विटा रचून त्याने बाकीचे बांधले. तेही पाठांतरच होते, फक्त बाजाराने करून घेतलेले, आणि म्हणून बाजारापुरते. आज नारळ ३५ वरून ३८ ला गेला की वीट बदलली. शाळेचे काम हे की अशा विटा द्यायच्या ज्या नारळालाही चालतील, क्षेत्रफळालाही आणि बीजगणितालाही. कोलकात्याच्या शाळेतल्या मुलांचा अनुभव दुसरी बाजू सांगतो, विटा दिल्या पण भिंत कधी बांधू दिली नाही तर त्याही पडून राहतात.

एक विषय टाळता येणार नाही, तो मराठी संख्यानामांचा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’, बासष्टला ‘साठ दोन’ असा पर्याय दिला गेला आणि केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. विनोद झाले, आम्हीही हसलो. पुढे गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांची बाजू वाचली आणि हसू ओसरले. प्रश्न खरा आहे. छप्पन्न म्हणताना सहा आधी ऐकू येतो आणि पाच मागून, लिहिताना मात्र पाच आधी. लहान मूल ६५ लिहिते यात त्याचा दोष नाही. त्यात एकोणसाठ, एकोणऐंशी अशी नावे. शंभरपर्यंतची जवळजवळ प्रत्येक संख्या मराठी मुलाला वेगळी पाठ करावी लागते, ‘पन्नास-सहा’ ही बांधणी कळण्याआधीच.

आमचे मत असे झाले आहे. ‘पन्नास सहा’ ही पायरी कळण्यासाठी उत्तम आहे, ती जरूर वापरावी. पण पाढा मात्र ‘सात आठे छप्पन्न’ असाच तोंडात बसावा. गुणाकाराची उत्तरे आपल्या स्मृतीत बहुतांशी शब्दांच्या, ध्वनीच्या रूपाने राहतात, असे स्टॅनिस्लास देहान यांच्यासारखे मेंदूशास्त्रज्ञ सांगतात. म्हणून तर परदेशात आयुष्य गेलेली मराठी माणसेही बिल तपासताना पुटपुटतात ती मराठीत. आणि म्हणूनच मराठी माध्यमातून मध्येच सेमी इंग्रजीत गेलेल्या मुलाला काही काळ दोन घरांचे भाडे भरावे लागते. त्याच्या शिक्षकांनी एवढे जरी ओळखले तरी ते मूल ‘कच्चे’ ठरणार नाही.

आता आमचा मूळ मुद्दा. २०२२ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीतल्या मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. म्हणजे आमच्या मुलीच्याच जातीचे गणित. याला कारणे अनेक असतील, सगळा दोष पाठांतर सोडण्याच्या माथी मारणे हा अप्रामाणिकपणा होईल. पण एक गोष्ट आपण आपापल्या घरात पाहू शकतो. शाळा म्हणाली, ‘आम्ही पाढे घोकून घेत नाही’, तेव्हा सुशिक्षित घरांनी काय केले? आजीने संध्याकाळी पर्वचा म्हणून घेतला. आईने भिंतीवर तक्ता लावला. अबॅकसचा क्लास लावला, त्याची फी भरली. त्या मुलांना शाळेत ‘संकल्पना’ मिळाली आणि घरी पाढे, आणि त्यांच्या प्रगतीचे श्रेय नव्या पद्धतीने घेतले. ज्या घरात आई आठ घरची भांडी घासून रात्री आठला परतते, त्या घरातल्या मुलीला शाळेने जे दिले नाही ते कोणीच दिले नाही. सातवीपर्यंत तिला सगळे कळत गेले. येईना. आणि तिने मनाशी निष्कर्ष काढला की आपल्याला गणिताचे डोकेच नाही. उदार हेतूने केलेल्या सुधारणेचा खर्च असा भलत्याच्या खात्यावर पडतो, आणि सुधारणा करणाऱ्याला तो दिसतही नाही.

मग करावे काय? आमचे म्हणणे थोडक्यात असे. तिसरी-चौथी संपेपर्यंत एक अंकी बेरजा-वजाबाक्या आणि दहापर्यंतचे पाढे प्रत्येक मुलाला सुटे-सुटे, कुठूनही विचारले तरी यावेत, आणि ही जबाबदारी शाळेने घ्यावी, घरावर टाकू नये. आधी चिंचोक्यांच्या रांगा मांडून सात आठे म्हणजे काय ते दाखवावे, मग म्हणावे, मग उलटेसुलटे विचारावे, मग गणितात वापरावे. रोज दहा मिनिटे. इंग्लंडमध्ये २०२२ पासून चौथ्या वर्षाच्या मुलांना पंचवीस गुणाकार, प्रत्येकाला सहा सेकंद, अशी सक्तीची चाचणी आहे. कोणाला काय येते ते कळण्यापुरती चाचणी हवी, पण सगळ्यांसमोर घड्याळ लावून नको. आणि पट्टी तर नकोच नको.

त्या मुलीचे काय झाले, हे सांगून संपवतो. आम्ही तिला एकवीस चिठ्ठ्या करून दिल्या. सात आठे तिला बसेना. आम्हालाही ते कधी धड बसले नव्हते, तेव्हा सहानुभूती होती. (हशा) एके दिवशी तीच म्हणाली, ‘‘आजोबा, पाच, सहा, सात, आठ. छप्पन्न म्हणजे सात आठे, ओळीनेच तर आहे!’’ ही युक्ती जुनी आहे, पण तिला ती तिची तिला सापडली होती. तीन महिन्यांनी ३९२ भागिले ७ तिने न थांबता केले. गणितात ती पहिली वगैरे आलेली नाही. आठवीत आहे, बीजगणिताशी झटापट चालू आहे. पण ‘मला डोकं नाही’ असे म्हणत नाही.

आपल्या जुन्या पुस्तकाला ‘उजळणी’ म्हणत. उजळणे म्हणजे घासून लख्ख करणे. ज्याने कोणी हे नाव दिले त्याला घोकणे आणि उजळणे यांतला फरक माहीत असावा. तुमच्यापैकी ज्यांना संध्याकाळी मोकळा वेळ आहे त्यांना विनंती एवढीच, की स्वतःचे नातवंड सोडून आणखी एका मुलाला रोज दहा मिनिटे द्या. 

प्रश्नोत्तरांतून निवडक

प्रश्न : सर, हातात फोन आहे, त्यात कॅल्क्युलेटर आहे. मग इतका खटाटोप कशाला?

उत्तर : फोनला काय विचारायचे ते फोन सांगत नाही. ४२ छेद ५६ पाहून ‘इथे सात आहे’ हा प्रश्न सुचायलाच आधी सात दिसावा लागतो. शिवाय बोट चुकीच्या बटणावर पडले तर ‘हे उत्तर एवढे मोठे असेल का?’ अशी शंका यायला मनात अंदाज असावा लागतो, आणि अंदाज या छत्तीस ओळींवरच उभा असतो. मोठ्या गुणाकारांना फोन खुशाल वापरा. आम्हीही वापरतो.

प्रश्न : काही मुलांना कितीही सराव केला तरी लक्षात राहत नाही. त्यांचे काय?

उत्तर : अशी मुले असतात, आणि त्यांना आळशी ठरवणे हा अन्याय आहे. काहींना अंकांचीच विशेष अडचण असते, त्यांच्यासाठी जाणकारांची मदत घ्यावी. त्यांना पाढ्यांचा तक्ता समोर ठेवून पुढचे गणित करू द्यावे. पाढे येईपर्यंत वर्गाबाहेर, असे दार लावू नये. पण जे मूल प्रयत्न केल्यास शिकू शकते, त्याला ‘तुला गरज नाही’ असे सांगणे, हीही त्या दाराला लावलेली कडीच आहे. आमचे सगळे भांडण त्या कडीशी होते.